तिरप्या अक्षरांतले शब्द

माझ्याकडे एक टर्की होती, ती महिन्याच्या पहिल्या, उपासाच्या रविवारी दाणा टिपायची नाही. शिवाय डोळे मिटून बसायची. तीस वर्षं मी ही गोष्ट सांगतोय. विश्वास कुणी ठेवत नाही, पण ऐकतात सगळे. पुढची गोष्ट मात्र खरी आहे, म्हणून ती मी फारशी सांगत नाही.

तेव्हा मी आमच्या वॉर्डाचा, म्हणजे गावातल्या मॉर्मन मंडळीचा, बिशप होतो. आठवडाभर टर्क्यांची घाण उपसायची आणि रविवारी टाय लावून लोकांची गाऱ्हाणी ऐकायची, तीही बिनपगारी. माझा लहानपणापासूनचा दोस्त नेल्डन आगार्ड रविवारच्या वर्गात मोठ्या माणसांना मॉर्मन ग्रंथ शिकवायचा. ग्रंथात मध्येच यशया संदेष्ट्याचे अध्याय लागतात, बायबलमधले, जवळजवळ जसेच्या तसे. ती पानं आमच्याकडे सगळेच गुपचूप उलटतात. माझ्या प्रतीत ती इतकी कोरी, की माशी बसली तर घसरून पडावी.

आमच्याकडे सगळेच एकमेकांना ब्रदर-सिस्टर म्हणतात. त्या वर्षी सिस्टर आर्डिथ भर वर्गात म्हणाली, "ब्रदर आगार्ड, हे बायबलात वाचून झालंय. सोललेले बटाटे परत सोलायचे का?"

सगळे हसले. नेल्डन हसला नाही. घरी जाऊन त्यानं दोन्ही ग्रंथ स्वयंपाकघरातल्या टेबलावर शेजारी शेजारी उघडले आणि जुळेल त्या ओळीखाली लाल रेघ मारायला घेतली. हेतू चांगलाच होता. देव दोन्हीकडे एकाच आवाजात बोलतो, हे आर्डिथबाईंना दाखवायचं होतं. गावातल्या दुकानातल्या लाल पेन्सिली संपल्या. शाळेच्या मास्तरांना पेपर हिरव्या खडूनं तपासावे लागले, आणि त्या वर्षी कुणी नापास झालं नाही.

यशयापर्यंत सगळं ठीक होतं. ग्रंथातले आमचे लोक येशूच्या सहाशे वर्षं आधी यरुशलेम सोडून जहाजानं इकडे, आमच्या खंडात, आले, ते यशयाची वचनं धातूच्या पत्र्यांवर कोरलेली घेऊनच. पण रेघा थांबेनात. येशूच्या जन्माआधी होऊन गेलेली माणसंही मधूनच येशूनंतरच्या प्रेषित पौलाच्या वळणानं बोलायला लागली.

एक दिवस नेल्डन माझ्या खुराड्याशी आला.

"बिशपसाहेब, बायबलच्या इंग्रजी अनुवादकांनी अर्थ लागावा म्हणून पदरचे शब्द घातलेत. ते तिरप्या अक्षरांत छापतात. ठाऊक आहे?"

"मला वाटायचं, छापणारा कलून बसत असेल."

"थट्टा नको रे. त्यातले पुष्कळ शब्द आपल्या ग्रंथात आहेत. आपला ग्रंथ ज्या पत्र्यांवरून उतरवला, ते तर या अनुवादकांच्या हजार वर्षं आधीचे. त्यांवर हे शब्द कुठून आले?"

"देवानं लोकांच्या कानाला सवयीचे शब्द वापरले असतील."

"हे मीच शिकवतो. वीस वर्षं."

"मग?"

"शिकवताना पटायचं," तो म्हणाला.

मी म्हटलं, राहू दे, निवळेल. पण मे महिन्यात त्याच्या नातीचं, जॅनीलचं, लग्न होतं. आईबाप गेल्यावर त्यानंच वाढवलेली ती पोर. लग्न टेकडीवरच्या आमच्या पंथाच्या मंदिरात. आत जायला परवान्याचा कागद लागतो, आणि कागदाआधी बिशप समोर बसवून प्रश्न विचारतो. परवाना नसेल तर सख्ख्या बापालाही बाहेर हिरवळीवर बसावं लागतं.

नेल्डन माझ्यासमोर बसला. मी कागदावरचा प्रश्न वाचला : पुनःस्थापित सुवार्तेची तुला साक्ष आहे का? म्हणजे, आपला धर्म खरा आहे हे तुला मनातून ठाऊक आहे का?

तो हातातली टोपी फिरवत राहिला.

"हो म्हण की."

"माहीत नाही मला."

"खरा असावा अशी आशा तरी आहे?"

"आशा आहे."

"झालं तर. आशेलाच मी हो धरतो."

"तू धरशील. तुझी टर्कीसुद्धा उपास धरते." मग तो खाली बघत म्हणाला, "पुढचा एक प्रश्न मला पाठ आहे. 'तू प्रामाणिक आहेस का?' इथे हो म्हटलं, तर तिथे काय म्हणू?"

मी पेन उघडं धरून बसलो. शेवटी तोच उठला आणि जाताना माझ्या पेनाला टोपण लावून गेला.

दोन दिवसांनी जॅनील आली. पायात माझ्या टर्क्या घोटाळत होत्या.

"बिशप, नुसती सही करायची होती हो तुम्ही!"

"सही माझी असते, पोरी. उत्तर त्याचं."

"मग त्यांना समजवा. तुम्ही कुणालाही काहीही पटवता."

"त्याला पंचावन्न वर्षांत एकदाही पटवलेलं नाही."

"मी लग्न पुढे ढकलते."

"सांगून बघ त्याला."

तिनं सांगितलं. तो म्हणाला, "कधीपर्यंत ढकलशील?" त्यावर दोघांपैकी कुणाकडेच तारीख नव्हती.

लग्नाच्या दिवशी मी आत होतो. विधी झाल्यावर सगळ्यांच्या आधी बाहेर आलो. नेल्डन नवा कोट घालून बाकावर बसला होता, हात गुडघ्यांवर.

"झालं?"

"झालं."

"ते समोरासमोरचे आरसे आहेत ना अजून? एकात एक दिसत जातात ते? आमच्या लग्नात मी प्रतिबिंबं मोजायला गेलो होतो."

"आहेत."

"जॅनील कुठवर दिसली त्यांत?"

एरवी मी शंभरापर्यंत मोजल्याचं सांगितलं असतं. "मधे माणसं उभी होती," मी म्हणालो. "नीट दिसलं नाही."

तेवढ्यात दार उघडलं. पांढऱ्या झग्यातली जॅनील धावत आली आणि त्याला पायऱ्यांकडे ओढत घेऊन गेली. फोटोवाल्यानं आजोबांना मधे उभं केलं. तो फोटो माझ्याकडे आहे. त्यात सगळे आतून आल्यासारखेच दिसतात.