लाल बॅग, निळी बॅग

हॉलमध्ये एक लाल आणि एक निळी अशा दोन रिकाम्या बॅगा होत्या, दोन मुलं होती, एक वजनकाटा होता, आणि फ्रीजवर युरोपातल्या सहा शहरांची यादी लावलेली होती. यादीत एक शहर वाढलं की ऊर्मीचं वजन दोन किलो सहाशे ग्रॅमने कमी व्हायचं आणि लाल बॅगेचं तेवढंच वाढायचं.

केतकीने हे तीनदा तपासलं होतं. बॅग छातीशी धरून काट्यावर उभं राहायचं आणि मग स्वतःचं वजन वजा करायचं. त्यांच्या घरी बॅगा अशाच मोजत. सुरुवातीला दोन्ही बॅगा प्रत्येकी दोन किलो दोनशे भरल्या होत्या आणि तिची सात वर्षांची भाची वीस किलो आठशे. आता लाल बॅग सतरा किलो आठशे होती, भाची पाच किलो दोनशे. केतकीने रोम खोडलं तेव्हा वजन पोरीकडे परत आलं होतं. दादाने रोम पुन्हा लिहिलं.

"एवढ्या लांब जातोच आहोत, तर रोम सोडून कसं चालेल?"

"दादा, तिचं वजन बघ."

"विमानात तेवीस चालतं गं. अजून जागा आहे."

वहिनीने ऊर्मीला वाढत्या अंगाचा कोट घालून बघितला होता. बाह्या गुडघ्यापर्यंत येत होत्या. पंखा लावला की पोर खुर्चीवरून सरकायची, म्हणून एका खिशात वरवंटा ठेवला होता.

"शिंकू नकोस हं," तिचा मोठा भाऊ निहार म्हणाला. "छताला चिकटशील."

तेवढ्यात मुलांच्या मामाचा फोन आला. "व्हिएन्नाला जाताय आणि प्राग नाही? वेड लागलंय का, भावजी?"

दादाने प्राग लिहिलं. वहिनीने दुसऱ्या खिशात खलबत्ता ठेवला.

केतकीने घरातली सगळी पेनं गोळा केली, कपाटात कोंडली आणि किल्ली मुठीत धरून हॉलमध्ये आली. ऊर्मी फ्रीजसमोर उभी होती. तिच्या हातात केशरी खडू होता.

"आत्या, बाबांच्या फोनवर सगळीकडे पाऊसच दाखवतायत. मला बर्फ बघायचाय."

यादीत आठवं शहर होतं, इन्सब्रुक, वाकड्या अक्षरात. केतकी पुसायला धावली. दादाने तिचा हात धरला.

"लेकराने हौसेने लिहिलंय. राहू दे."

वहिनीने लाल बॅग मोजली. "बरोब्बर तेवीस! एक ग्रॅम जास्त नाही."

कोट खुर्चीवर बसलेला होता. केतकीने त्यात हात घातला. वरवंटा लागला. खलबत्ता लागला.

"आत्या, हात किती गार आहे तुझा," आतून ऊर्मी म्हणाली.

"लाल झाली," दादा म्हणाला. "निळी अख्खी रिकामी आहे." मामा अजून फोनवर होता. दादाने फोन मानेत धरला, खाली पडलेला खडू उचलला आणि यादीपाशी गेला.

"आत्या," निहार म्हणाला. तो आता हसत नव्हता.

केतकीने निळी बॅग छातीशी धरली, काट्यावर चढली आणि स्वतःचं वजन वजा केलं.

चार किलो आठशे ग्रॅम.