पाठ केलेलं भाषण

डिलाईल रोडच्या चाळीत कुसुमबाई मुलांना वक्तृत्व शिकवत. त्यांचा जुना विद्यार्थी मोरेश्वर तांडेल आमदार झाला आणि विधानसभेत म्हणाला, ‘निवडून आलेल्यानं भाषणाचे पैसे घेऊ नयेत.’ तेच भाषण बाईंनी यंदा मुलांकडून अभिमानानं पाठ करून घेतलं. मग बक्षीस समारंभाचं आमंत्रण द्यायला त्या त्याच्या कार्यालयात गेल्या.

“साहेब मानधन घेत नाहीत,” सहायक म्हणाला, “फक्त वहिनींच्या संस्थेला पन्नास हजार देणगी.”

तेवढ्यात मोरेश्वर बाहेर आला. “अरे, या माझ्या बाई. यांच्याकडून काही घ्यायचं नाही. बाई, मी येतोच.”

“म्हणजे बाकीच्यांकडून घेतोस?”

“नियमात बसतं, बाई. संस्था हिच्या नावावर आहे.”

बाई चहाला थांबल्या नाहीत. बोलताना श्वास कुठे घ्यायचा, हेसुद्धा याला आपणच शिकवलं, हे त्यांना घरी पोचेपर्यंत टोचत राहिलं.

सगळं ऐकून, समारंभात भाषण म्हणणाऱ्या श्रेयानं विचारलं, “मग ते भाषण सोडून देऊ?”

बाई म्हणाल्या, “नको. तो समोर बसला की म्हण. आणि पैशांचं वाक्य सावकाश म्हण हं, बाळा.”