नाव आधी घरच्यांनी वाचायचं

मंडळी, आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाच्या घरात आता असं एक माणूस असतं, जे सकाळी डोळे उघडल्याबरोबर काल टाकलेला व्हिडिओ किती जणांनी पाहिला ते बघतं. भोकरदनच्या निजामोद्दीन यांच्या घरात ते माणूस म्हणजे त्यांची मुलगी नाहिद. तिला नावं ठेवायची घाई करू नका, तिचा हेतू फार चांगला होता.

निजामोद्दीन दगडावर अक्षरं कोरतात. कबरीवरचा उर्दू मजकूर असो की शेतातल्या समाधीवरचं मराठी नाव, चाळीस वर्षं त्यांचं हेच काम. अलीकडे मशीनवर तासाभरात नाव कापून मिळतं, म्हणून त्यांच्या पत्र्याच्या शेडमधली छिन्नी आठ-आठ दिवस गप्प राहू लागली. बी.कॉम. झालेल्या नाहिदला हे बघवेना. तिने अब्बांच्या कामाचे छोटे व्हिडिओ मोबाईलवरून टाकायला सुरुवात केली. नुसते टाकले नाहीत, त्यांचा अभ्यास केला. लोक कोणत्या वेळी बघतात, कोणत्या गावांतून बघतात, कितव्या सेकंदाला कंटाळून निघून जातात, हे सगळं ती एका वहीत मांडू लागली. पाच महिन्यांत संभाजीनगर, परभणीहून विचारणा आली. अब्बांनी सगळ्या छिन्न्यांना नवी धार लावून आणली.

एक दिवस आलेख बघताना नाहिदच्या लक्षात आलं, की नुसती अक्षरं कोरलेली दाखवली तर लोक चौथ्या सेकंदाला जातात. पण एखाद्याचं नाव पूर्ण होत असेल तर शेवटपर्यंत थांबतात. कोण गेलं हे कळल्याशिवाय त्यांचा पाय निघत नाही!

इथेच घात झाला. त्या शेडचा एक रिवाज होता. नाव कोरून झालं की निजामोद्दीन त्यावर ओलं पोतं टाकत आणि घरची माणसं आली की त्यांच्यासमोरच ते उचलत. नाव आधी घरच्यांनी वाचायचं, मग जगाने. ज्यांना वाचता येत नाही, ते अक्षरांच्या खाचांतून बोट फिरवत. नाहिदला हे लहानपणापासून ठाऊक होतं. पण त्या दिवशी तिला फक्त वहीतला आलेख दिसत होता. पोतं पडण्याआधी तिने शेवटचं अक्षर टिपलं, खाली एक गाणं जोडलं आणि व्हिडिओ टाकून दिला.

तो दगड हसनाबादच्या रामकिसन यांच्या मुलीचा होता. अर्पिता, वय एकोणीस. तापाचं निमित्त होऊन गेली होती.

चौथ्या दिवशी रामकिसन एकटेच शेडवर आले.

"निजामभाई, दगड राहू द्या आता."

"का बरं? काही चुकलं का?"

"पोरीची माय तुळजा नको म्हणून राह्यली." रामकिसन खाली बसले. "सात महिने झाले, तिनं पोरीचं नाव तोंडातून काढलं न्हाई. म्या म्हणलं, हिला हितं आणीन, नावावरून बोट फिरवील, मंग रडंल तरी एकदाची. अन् परवा शेजारीण मोबाईल घिऊन दारात आल्ती. म्हणे, तुझ्या अर्पिताचं नाव आलंय बघ. मागं कसलं तरी गाणं वाजत व्हतं. तवापासून तिनं भाकरीला हात लावला न्हाई."

निजामोद्दीन यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. रामकिसन गेल्यावर त्यांनी मुलीकडे पाहिलं. बापलेकीचं पुढचं बोलणं दखनीत झालं, मी ते आपल्या मराठीत सांगतो.

"अब्बा, दगड उघड्या शेतातच लागणार होता ना? येणारा-जाणारा वाचणारच होता."

"शेतात वाचणारा बांधावरून चालत जातो, बेटा. थांबतो. कुणाची लेक होती म्हणून विचारतो. फोनवर वाचणारा अंगठ्याने पुढे सरकवतो."

"मग लोकांना आपलं काम कळणार कसं?"

"कळू दे, बिलकुल कळू दे. माझा हात दाखव, छिन्नी दाखव, माझी चूक झाली तर तीही दाखव. ते माझं आहे. नाव माझं नाही. ते मला विश्वासाने सांभाळायला दिलंय."

नाहिदने व्हिडिओ काढून टाकला. पण तोवर दुसऱ्यांनी तो उचलून आपापल्या नावाने फिरवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ती अब्बांसोबत हसनाबादला गेली आणि तुळजाबाईंसमोर बसून तिने माफी मागितली.

तुळजाबाईंनी विचारलं, "किती लोकांनी पाह्यलं, माय?"

"एकेचाळीस हजार."

"त्यातलं तिला वळखत कोण व्हतं?"

नाहिदच्या वहीत बघणाऱ्याचं वय होतं, गाव होतं, वेळ होती. या प्रश्नाला रकानाच नव्हता! तिला रडू फुटलं.

"कुणीच नाही, काकू. मीही नाही."

"मंग बस हितं. सांगते तुला." तुळजाबाईंनी पदराने तोंड पुसलं. "आमच्या अर्पिताला ना, सायकलीचं लई येड व्हतं..."

सात महिन्यांनी ते नाव त्या घरात आईच्या तोंडून ऐकू आलं. रामकिसन उठून अंगणात गेले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

निजामोद्दीन यांनी नवा दगड कोरला. महिन्याभराने तुळजाबाई शेडवर आल्या. ओलं पोतं उचललं गेलं. नाहिदने त्यांचं बोट हातात धरलं आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत हळूहळू नेलं. त्या दिवशी तिचा फोन घरी होता.

नाहिद अजूनही व्हिडिओ टाकते. त्यात अब्बांचा हात दिसतो, छिन्नीचा आवाज येतो आणि शेवटी ओलं पोतं पडतं. खाली ती लिहिते, नाव आधी घरचे वाचतील. बघणारे निम्म्याने घटले. मात्र वहीत एक आकडा पहिल्यापेक्षा वर आहे, आपल्या माणसाला तो व्हिडिओ पुढे पाठवणाऱ्यांचा. परवा अंबडचं एक कुटुंब आलं. त्यांनी किंमत विचारायच्या आधी विचारलं, "नाव झाकून ठेवणारे तुम्हीच ना?"

मंडळी, कलावंताचं काम जगापुढे न्यायलाच हवं आणि त्यासाठी आकड्यांचा अभ्यासही हवा. लोक कुठे थांबतात, ते आकडा बरोबर सांगतो. आपण कुठे थांबायचं, ते त्याला ठाऊक नसतं. ते त्या घरच्या माणसांनाच विचारावं लागतं, आणि व्हिडिओ टाकण्याआधी विचारावं लागतं.