राहिलेला नमस्कार

मी एक जुनी, पाठीवर बांधायची ओझ्याची चौकट आहे. व्हेंडेलिन हमालाच्या लेकीचा, हेड्विगाचा बाप्तिस्मा झाला, त्या वर्षी माझा जन्म झाला. ते १९४९ साल. फेब्रुवारीत गावापासून चर्चपर्यंत कमरेएवढे बर्फ साचले होते आणि घोडागाडी निघेना. तेव्हा व्हेंडेलिनने कोठारातले हलके, चिवट लाकूड तासून दोन लांब दांडे केले, आडव्या पट्ट्या ठोकल्या, खाली ओझे टेकायला फळी जोडली आणि खांद्यांसाठी कातडी पट्टे लावले. मेंढीच्या कातड्यात गुंडाळलेली लेक माझ्यावर बांधून तो बर्फातून चालत गेला. माझे पहिले ओझे हेड्विगा.

मित्रांनो, आमच्या तात्राच्या डोंगरात वरच्या तळ्याकाठी एक विश्रामघर आहे. तिथवर गाडीरस्ता नाही. सुट्टीवर आलेली माणसे धापा टाकत वर पोचतात, बूट काढतात, आणि त्यांना लिंबू घातलेला गरम चहा हवा असतो, कोबीचे सूप हवे असते, रात्री पिसांची मऊ रजई हवी असते. ते सारे हमालांच्या पाठीवरून वर जाते. बिअरची पिंपे, कोळसा, आरसे, एकदा तर बाळंतिणीसाठी आरामखुर्ची. व्हेंडेलिनच्या पाठीवर मी हे सारे वाहिले. त्याच्या घामाने माझे पट्टे काळे पडले.

आमच्या वाटेवर एक रीत आहे. समोरून कोणीही येवो, ओळख असो वा नसो, "आहोय" म्हणायचे आणि उलट "आहोय" ऐकायचे. व्हेंडेलिन तेवढ्यावर थांबत नसे.

"आहोय! पाठीवर काय नेता एवढं?" कोणी विचारी.

"सासू आहे. वर हवा खायला नेतोय."

"आणि विश्रामघर अजून किती लांब?"

"हे एवढं वळण घ्या, की आलंच!"

तो हे प्रत्येक वळणावर सांगे. माणसे वर पोचल्यावर त्याला शिव्या घालत आणि त्याच्यासाठी चहा मागवत.

निम्म्या वाटेवर एक मोठा सपाट दगड आहे. हमाल तिथे पाठमोरे होऊन माझ्यासारख्या चौकटीची फळी दगडावर टेकवतात आणि पट्टे न काढताच बसून दम खातात. पट्टे काढले की पुन्हा उठणे जड जाते.

अशी बरीच वर्षे गेल्यावर, ऑक्टोबरमध्ये एके दुपारी आम्ही रजया घेऊन निघालो होतो. वर थंडीची तक्रार होती आणि विश्रामघराचा कारभारी बेन्यो याने घाईने निरोप धाडला होता. व्हेंडेलिन दगडावर टेकला. त्याने एक लांब श्वास सोडला. दुसरा घेतला नाही.

मित्रांनो, मी त्याला पडू दिले नाही. ओझे दगडावर होते, पट्टे खांद्यांवर होते. तो ताठ बसून राहिला, टोपी कपाळावर. माणसे येत गेली. "आहोय!" म्हणत गेली. मी लाकूड. मला हाक मारता येत नाही. पडला असता तर कोणीतरी थांबले असते.

वर काय झाले ते मी मागाहून ऐकले. वर पोचल्यावर त्यांतली एक बाई बेन्योला म्हणाली, "तुमचा हमाल भारीच आखडू हो! आम्ही नमस्कार केला, तर मान वर करायला तयार नाही."

"कोण? दाढीवाला?" बेन्यो हसला. "अहो, तो तर दगडाशीही बोलतो..." आणि बोलता बोलता त्याच्या हातातली पळी सूपमध्ये पडली. तो तसाच, कोट न घालता, खाली धावला.

व्हेंडेलिनला गावात पुरले. मला बेन्योने विश्रामघरात शेगडीमागच्या भिंतीवर टांगले. त्यानंतर रोज संध्याकाळी माझे पट्टे ओले होऊ लागले, नुकतेच कोणी खांद्यांवरून उतरवल्यासारखे. बेन्यो ते शेगडीपाशी सुकवी. दुसऱ्या संध्याकाळी ते पुन्हा ओले. पाहुणे म्हणत, स्वयंपाकघरातली वाफ असेल. हमाल तसे म्हणत नव्हते. धुक्यात त्यांना दगडावर कोणीतरी बसलेले दिसे. ते "आहोय" म्हणत. उत्तर येत नसे. एकेकाने काम सोडले. वर पीठ संपत आले.

तेव्हा हेड्विगा आली. तेवीस वर्षांची, बापासारखीच रुंद खांद्यांची.

"बेन्यो काका, चौकट काढा खाली."

"पोरी, वेडी की काय? पट्टे हात लावून बघ."

तिने बघितले. हात गालाला लावला. "बाबांचाच घाम आहे," ती म्हणाली. "वर पोचलेच नाहीत ते अजून. दमणारच."

दुसऱ्या दिवशी गावातून पिठाची पोती लादून ती मला घेऊन निघाली. दगडाशी ती टेकली. पट्टे काढले नाहीत. एका कडेला सरकून बसली, जणू शेजारी कोणाला जागा हवी होती. आणि वाटेने आलेल्या प्रत्येकाला ती मोठ्याने उत्तर देत राहिली. "आहोय! आहोय!" सावल्या लांबेपर्यंत. माझ्या पट्ट्यांवर पोत्यांच्या वजनाखेरीज आणखी एक वजन होते. मला ते ओळखीचे होते.

एका म्हाताऱ्याने विचारले, "पाठीवर काय गं, बाई?"

"बाबा आहेत. वर पोचवतेय."

म्हातारा हसला. ती हसली नाही. ती उठली आणि दर पावलाला कण्हत वर चढली. विश्रामघराच्या उंबऱ्यावर तिने मला उतरवले, तेव्हा बेन्योने न विचारता दोन पेले चहा ओतला. एक ती प्यायली. दुसरा निवत ठेवला. त्या संध्याकाळी माझे पट्टे कोरडे होते. पुढेही कोरडेच राहिले.

हेड्विगाने मला पुष्कळ वर्षे वाहिले. आता मी पुन्हा भिंतीवर आहे. मुले माझ्याशी फोटो काढतात आणि पट्टे ओढतात. ओढा, पण हळू. कातडे जुने झाले आहे. आणि एवढेच मागणे आहे: वाटेत बसलेल्या माणसाने तुमच्या नमस्काराला उत्तर दिले नाही, तर त्याला आखडू म्हणून पुढे जाऊ नका. थांबा. खांद्यावर हात ठेवून बघा.

व्हेंडेलिन १९७२च्या ऑक्टोबरमध्ये दगडावर वारला. बेन्यो १९९० साली वारला. हेड्विगा मागच्या मार्चमध्ये, गावातल्या घरी, अंथरुणात वारली. तिच्याजवळ माणसे होती.