हलव्याच्या दागिन्यांना दालन मिळेना

मी सांगतो त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. शेजारच्या शिवरामचा तर मी वेळ सांगितली तरी बसत नाही, तो उठून घड्याळ बघून येतो. आत्ताही तो आमच्या ओट्यावर जांभया देतोय, उंबऱ्यात माझी सून उज्वला मेथी निवडतेय, आणि दोघांच्या तोंडावर 'झालं यांचं सुरू' असं स्वच्छ दिसतंय. दिसू दे. मुंग्यांना समूहनृत्याचं पहिलं बक्षीस मिळालेलं मी या डोळ्यांनी बघितलंय. वाशीत, सत्त्याण्णव साली.

त्या वर्षी उज्वला नवी नवरी. लग्नानंतरची पहिली संक्रांत, म्हणजे काळी साडी, अंगभर हलव्याचे दागिने आणि आळीतल्या बायकांना हळदीकुंकू. आमच्या राहीबाईंनी, म्हणजे माझ्या कारभारणीनं, हट्ट धरला की हलवा विकतचा नको. आता गावाकडे, साताऱ्याच्या थंडीत हलव्याला काटा आपसूक येतो. घणसोलीत खाडीचं वारं. इथं मीठसुद्धा कोरडं राहत नाही. बाई परातीपुढे बसली ती बसलीच. शेगडी मंद, पाक थेंबाथेंबानं, बोटं सारखी फिरती. पंखा लावायचा नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. मी एकदा शिंकलो तर मला अंगणात काढलं. पण काटा आला! असा टोकदार, की हार नुसता हुंगायला गेलं आणि आमच्या मांजराच्या नाकाला जखम झाली. हार, बाजूबंद, कंबरपट्टा, बांगड्या, नथ, सगळं परातीत मांडलं तेव्हा मीसुद्धा गप्प झालो. यावरून समजा.

नेमका हळदीकुंकवाच्याच रविवारी वाशीला एका हॉलात कलामहोत्सव होता. राहीबाई म्हणाली, "अवो, चार शिकल्याली माणसं बघू द्यात की एकदा. मग सांजच्याला पोरीच्या अंगावर घालते."

"आणि उशीर झाला तर?"

"पोर रिकाम्या गळ्यानं पाटावर बसली तर तुमी घरात पाऊल टाकू नका."

जन्मभर मार्केटात कांद्याची पोती वाहिली, पण त्या परातीइतकं जड ओझं मी कधी उचललं नाही. रिक्षावाल्याला प्रत्येक खड्ड्याआधी उतरून खड्डा दाखवला.

हॉलच्या दारात सुधीर नावाचे गृहस्थ टेबल टाकून बसले होते. नोकरी बँकेत, आणि कलांचं वर्गीकरण करणं हा सुट्टीच्या दिवसाचा आजार. प्रत्येक दालनावर त्यांनी पाटी लावली होती.

"काका, ही कोणती कला?"

"हलव्याची."

"तसं नाही हो. ललित की उपयोजित? बघून नुसता आनंद होतो ती ललित. कामाला येते ती उपयोजित."

"बघून आनंद हुतोय. मग अंगावर घालायचं. मग खायचं."

सुधीररावांनी चष्मा काढून पुसला. "तिन्ही एकदम नाही चालणार. माझ्या तक्त्याला टेन्शन येतं. तुम्ही असं करा, शिल्पकलेत विचारा."

शिल्पकलेत एक दाढीवाला होता. त्यानं परातीभोवती प्रदक्षिणा घातली आणि म्हणाला, "आकार छान आहे, पण शिल्प टिकलं पाहिजे. दगडाचं असतं तर घेतलं असतं."

"दगडाची नथ सुनेच्या नाकात घालू?"

हस्तकलेत ऋता नावाची मुलगी होती. ती गोड हसली. मला वाटलं, झालं काम. म्हणाली, "अय्या, हे खातात ना? मग पाककला!" पाककलेत सुधीररावांच्या मिसेस, सुनीतीबाई. त्यांनी थेट हाराला हात घातला.

"बाई, हात लावू नगा!"

"मग गुण कशावर देऊ? आणि हे वाढायचं कशात, ताटात की गळ्यात? गळ्यात असेल तर नाट्यविभागात जा. वेशभूषा."

नाट्यवाला म्हणाला, घातल्याशिवाय वेशभूषा पुरी होत नाही, कोणीतरी घाला. कोणीतरी म्हणजे मीच. मिशीवर नथ, धोतरावर कंबरपट्टा, आणि समोर सुधीररावांसकट महोत्सवाची सगळी समिती हनुवटीला हात लावून उभी. सुधीरराव म्हणाले, "असेच स्थिर उभे राहिलात तर मूकाभिनय होईल. हललात तर नृत्य."

"आणि शिव्या दिल्या तर?"

"वाचिक अभिनय."

अहो, माणसानं करावं तरी काय! मी सगळं उतरवून परातीत ठेवलं आणि विचारलं, "सायेब, कुटंबी एका टेबलावर ठेवा. घटकाभर लोकं बघतील, मी घिऊन जाईन. पोर वाट बघतीया."

"काका, भावना समजतात. पण चौसष्ट कलांमध्येसुद्धा माळा ओवणं वेगळं, दागिने वेगळे, स्वयंपाक वेगळा. तुमच्या मिसेसनी सगळं कालवलंय."

"मग पासष्टावी धरा!"

"तिला दालन नाही," असं म्हणून समिती चहाला गेली.

मी परात मांडीवर घेऊन पायरीवर बसलो. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता, डोकं तापलेलं. डोळा कधी लागला कळलं नाही. जागा झालो तर परातीत हालचाल. मुंग्या! तळवलीपासून बेलापूरपर्यंतच्या सगळ्या मुंग्यांना आवतण गेलं असावं. पण शिस्त बघा. एका मुंगीला एक दाणा, आणि हार जसा ओवला होता त्याच क्रमानं. हार पायऱ्या चढला, हॉलात शिरला, थेट रंगमंचावर. तिथं फेर धरला. मध्ये कंबरपट्टा उलटा फिरतोय, कडेनं बाजूबंद गिरक्या घेतायत. तबलजीनं ठेका धरला. प्रेक्षक उठून उभे राहिले. मी ओरडतोय, "अवो, धरा त्यास्नी, हळदीकुंकू हाय!" तर सुधीरराव मलाच गप्प करतात. त्यांच्या डोळ्यांत पाणी. म्हणाले, "हालचाल आहे, ताल आहे, झालं की संपतं. शुद्ध प्रयोगकला! काका, तुमच्या हलव्याला दालन मिळालं!" आणि माइकवरून समूहनृत्याचं पहिलं बक्षीस पुकारलं. मुंग्यांनी बक्षिसाची ढालही भिंतीतल्या बिळात नेली. दारात अडकली तेव्हा तिरकी केली.

परातीत एकटी नथ उरली. ती घेऊन घरी आलो. राहीबाईनं रिकामी परात माझ्या हातातून ओढली आणि पालथी घातली. आळीतल्या बायका जमलेल्या. उज्वला काळी साडी नेसून, नाकात तेवढी नथ घालून पाटावर बसली, आणि जी ती तिच्या गळ्याकडे बघायची आणि मान वळवायची. काय करणार? मुंग्यांपुढं माणसाचं चालतंय होय?

इथं शिवरामनं तोंड उघडलं, पण त्याच्याआधी उज्वलानं मेथीची जुडी खाली ठेवली.

"आबा, मुंग्यांनी समदं नेलं?"

"समदं. दाणा ठिवला न्हाई."

"आन् दोरं?"

"दोऱ्यासकट, पोरी! दोऱ्याबिगर हाराचा आकार ऱ्हातोय होय?"

"मग दुसऱ्या दिवशी तुमचा सदरा धुताना खिशातनं दोऱ्यांचा गुंता निघाला, त्यो कुणाचा? चोखून चोखून मऊ केल्याला. एवढी वर्सं गप बसले मी. कसल्या मुंग्या आन् कसलं बक्षीस! माझी पयली संक्रांत तुमी खाल्लीसा, आबा, तुमी!"