कळवतो

हरिबाला एका शब्दाची मनस्वी चीड होती. कळवतो. थोरल्या लेकीला बघायला आलेले पाहुणे पोह्यांच्या बश्या रिकाम्या करायचे, पोरीला नाव-गाव विचारायचे आणि चपला पायात सरकवताना म्हणायचे, "बरंय, कळवतो." मग हरिबाची बायको रतनबाई वाटेकडे डोळे लावून बसायची. कळवलं कधी कुणीच नाही. एकदा त्याची धाकटी बहीण मनकर्णा भर अंगणात कडाडली होती, "सरळ न्हाई म्हणायला जीभ झडती का यांची?" पुढे थोरलीचं चांगल्या घरी जमलं, पण उमापुरातल्या त्या घरात या शब्दाचा अर्थ तेव्हाच कायमचा ठरून गेला.

म्हणूनच त्या दुपारी तो शब्द पुन्हा कानावर आला आणि हरिबाने आशा सोडली. धाकटी लेक सुकन्या मोबाईलसमोरची मुलाखत संपवून दार उघडून बाहेर आली. "काय म्हनले?" त्याने विचारलं. "कळवतो म्हनले, आबा," एवढं बोलून ती पाणी प्यायला आत गेली.

पोरगी अंबाजोगाईला राहून इंजिनिअर झाली होती. मेंढरांमागे पिढ्या गेलेल्या त्यांच्या भावकीत ती पहिलीच. आता तिला हैदराबादच्या मोठ्या सरकारी संस्थेत एम.टेक. करायचं होतं. परीक्षा पार पडली होती, अडकलं होतं ते या मुलाखतीवर. आणि तिथेही शेवटी तोच शब्द! शिकलेल्या लोकांनी तरी तोंडावर सांगावं की नाही? हरिबा मनातल्या मनात चरफडला, पण पोरीला पुढे काही विचारलं नाही. दुखऱ्या जागी बोट कशाला लावा?

सुकन्या मात्र मोबाईल सोडीना. घरातली रेंज मधेच जायची म्हणून उन्हातान्हात टेकाडावर जाऊन उभी राहायची. ताटात अर्धी भाकरी तशीच ठेवायची. रतनबाईचं ते वाट बघणं हरिबाने एकदा पाहिलं होतं, तेच पुन्हा लेकीच्या तोंडावर बघवेना. तिला यातून सोडवायला हवं, असं त्याने ठरवलं आणि कुणाला न विचारता बहिणीचं गाव गाठलं.

मनकर्णाचा लेक प्रवीण डेअरीत कामाला होता. सरळ, शब्दाला जपणारा पोरगा. मामाच्या पोरीवर पहिला हक्क भाच्याचा, म्हणून मनकर्णा सुकन्याला कधीची मागत होती, आणि "आधी हैदराबादचं काय ते कळू दे" म्हणून हरिबा थोपवून धरत होता. त्या दिवशी तो ओट्यावर टेकला आणि म्हणाला, "मनकर्णे, पोरगी तुझी." बहिणीने उठून त्याच्या तोंडात साखर घातली. तिचे डोळे भरून आले होते. पोरीचं मन जरा निवलं की घरात सांगू, असा विचार करत हरिबा परतला.

आठवडा झाला असेल. मेंढरं लिंबाखाली बसली होती आणि सुकन्या बांधावरून पळत आली, अनवाणी.

"आबा! कळवलं त्यांनी!"

"कुनी?"

"हैदराबादवाल्यांनी. घेतलं मला!"

हरिबाला कळेना. "ते तर कळवतो म्हनलते."

"मग कळवलं की."

"म्हंजी..." त्याने हातातली काठी खाली ठेवली. "ते लोक खरंच कळवत्यात?"

सुकन्या हसली. बापाचं तोंड बघून तिचं हसू विरलं. हरिबाने सगळं सांगून टाकलं. तिच्या भल्यासाठी केलं, असं म्हणायचं त्याच्या मनात होतं, पण ते तोंडातून निघेना. पोरीला विचारलं नाही, हे त्याला आता लागलं. सुकन्या त्याच्याजवळ खाली बसली.

"उद्या सांच्यापतोर त्यांना हो का न्हाई सांगायचंय," ती म्हणाली. "आत्याला तुमी शब्द दिलाय. मी काय कळवू, आबा?"

हरिबाने पागोटं काढून मांडीवर ठेवलं. दिलेला शब्द फिरवणं म्हणजे काय, हे त्याला सांगायला नको होतं. भावकी थुंकली असती. पण भावकीचं जाऊ दे, बहीण एकुलती एक होती.

"हो कळव," तो म्हणाला आणि काठी घेऊन उठला.

मनकर्णाने त्याला बघताच चहाचं आधण ठेवलं. कोनाड्यात हिरवी साडी घडी करून ठेवली होती. साडीकडे नजर जाताच हरिबाने तोंड फिरवलं. "पोरीला हैदराबादनं बोलवलंय," तो कसाबसा म्हणाला. "तवा आपलं ते... कळवतो तुला."

मनकर्णाचा हात भांड्यावरच थांबला.

"दादा, माझ्या दारात त्यो शब्द आणतूस? सरळ बोल."

"न्हाई जमायचं, मनकर्णे."

तिने चहा गाळला, कप त्याच्यापुढे ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून बसली. हरिबाने तो कडू घोट उभ्याने संपवला. साखर घालायची राहिली होती की मुद्दाम घातली नव्हती, कोण जाणे. विचारायचं तोंड त्याला नव्हतं. तो उंबरा ओलांडून अंगणात उतरला, तेव्हा पाठीमागून आवाज आला.

"दादा. पोरगी तिथं नीट पोचली की कळव."

हरिबाने वळून पाहिलं. ती अजून भिंतीकडेच तोंड करून बसली होती.

"कळवतो," तो म्हणाला.