नटीचे ओठ

नटीच्या वरच्या आणि खालच्या ओठांत दोन मिलिमीटरची फट होती. हेमाने स्टीलची पट्टी लावून पुन्हा मोजली. दोनच. टेबलावर सूत्रधार आणि विदूषक शेजारी उभे होते. वीतभर उंचीचे, लोकरीचे बाहुले, दोघांचीही तोंडं मिटलेली.

हे नटीचं तिसरं डोकं. प्रत्येक वेळी हेमाने कागदावर मिटलेले ओठ काढले होते आणि खाचांच्या सुईने लोकर टोचता टोचता ते उघडे झाले होते. टोचल्यावर लोकर आक्रसते, घट्ट होते. आपणहून फाकत नाही. खडकीच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं काढल्यावर एवढं तर कळत होतं. तिने सुई बदलून पाहिली, लोकर बदलून पाहिली. फट तेवढीच.

चार वाजता अभय बाहुल्या न्यायला आला. कारखान्याच्या नाट्यमंडळाचं संगीत नाटक यंदा तो बसवत होता. बाहुल्या नाट्यगृहाच्या दारात मांडायच्या होत्या.

"हेमाताई, बाहुलीला तीन डोकी करायला वेळ आहे तुम्हाला. मला हो की नाही ते सांगायला दीड महिना झाला."

"चहा ठेवू?"

"ठेवा. चहानंतरही हेच विचारणार आहे."

नटीचं काम करणारी दीपाली नवऱ्याच्या बदलीमुळे बंगळूरला गेली होती. पदांसकट सगळं नाटक पाठ असलेली मंडळात एकटी हेमाच होती, म्हणून अभय तिच्या मागे लागला होता. सत्तावीस वर्षं ती विंगेत बसून इतरांना वाक्यं पुरवत आली होती. त्याआधी एकदाच स्टेजवर उभी राहिली होती आणि तिसऱ्या वाक्याला गप्प झाली होती. पडदा पाडावा लागला होता.

ती कप घेऊन आली तेव्हा अभय नटीला हातात धरून खिडकीपाशी उभा होता.

"ही गातेय का?"

"नाही. गाताना ओठ याच्या तिप्पट उघडतात. बोलतानाही जास्तच." ती थांबली. "ही काय करतेय ते मलाच कळत नाहीये."

अभयने बाहुली लांब धरली, जवळ आणली.

"विंगेत तुम्ही अशाच दिसता."

"कशी?"

"अशी. आमची वाक्यं आम्हाला आठवत असली तरी तुमचे ओठ हलत असतात. प्रत्येकाच्या वाक्याला. फक्त आवाज नसतो. आम्हाला स्टेजवरून दिसतं ना."

हेमाने स्वतःच्या ओठांना बोट लावलं. ते मिटलेले होते.

"सत्तावीस वर्षांत कुणी बोललं नाही."

"अहो, सवय झालीये. बद्रीनाथकाका तर तुमच्याकडे बघूनच विदूषक करतात. प्रेक्षकांकडे बघतील तर शपथ."

ती हसली नाही. तिने पट्टी उचलली, परत ठेवली.

"आणि मी पुन्हा गप्प झाले तर?"

"विंगेतून कुणीतरी वाक्य देईलच की."

"कोण? विंगेत मीच असते."

अभयने चहावर फुंकर घातली.

हेमाने खोका पुढे ओढला. सूत्रधाराला कागदात गुंडाळलं, मग विदूषकाला. नटीला शेवटी, ओठ होते तसेच ठेवून. खोक्यावर सुतळी बांधताना तिची गाठ दोनदा सुटली.

"अभय," तिसरी गाठ आवळत ती म्हणाली, "नटी मी करते. विंगेत दुसरं कुणीतरी बसव."